सटवाईचा सरकारी छापखाना

लॉटरी आपल्या लोकांच्या पाचवीला पुजलेली आहे. जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते, पोराच्या कपाळावर काय लिहायचं ते लिहून जाते, असं आपल्या आज्या सांगत आल्या. तिला लिहिताना कुणी पाहिलं नाही. तिचं अक्षर कुणाला लागलं नाही. पण तिनं लिहिलंय म्हणून आपण मेलेलं ढोर ओढलं, मैला वाहिला, गावाची येसकरकी केली. १९५६ साली नागपुरात आपल्या बापजाद्यांनी ते कपाळ धुऊन टाकलं. त्यानंतर तेराच वर्षांनी, १९६९ साली, महाराष्ट्र सरकारनं राज्य लॉटरी काढली आणि हाकलून दिलेल्या सटवाईला पुन्हा कामावर घेतलं. आता ती कपाळावर लिहीत नाही. कागदावर छापते, मालिका टाकते, नंबर टाकते, आपल्याच खिशातले पैसे घेते आणि कागद आपल्याच हातात देते.

तिकिटांची नावं वाचा दोस्तांनो. गजलक्ष्मी. सागरलक्ष्मी. पाडव्याची भव्य सोडत, गणपतीची, दिवाळीची. लक्ष्मी कुणाच्या घरात राहते ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या वस्तीत ती फक्त छापील येते.

मी गोदीत कंत्राटावर काम करतो. दहावी पास. कविता करतो, पण तिचं कुणी तिकीट काढत नाही. गेटाबाहेर पडलं की एका हाताला चहाची टपरी, दुसऱ्या हाताला लॉटरीचा स्टॉल. पगाराच्या दिवशी आमच्या टोळीतले एक मामा आधी स्टॉलवर जातात, मग टपरीवर. गेली तीस वर्षं. जुनी तिकिटं त्यांनी बाबासाहेबांच्या तसबिरीच्या मागे खोचून ठेवलीत. मी एकदा चिडून बोललो, मामा, बाबांच्या पाठीमागे हा कचरा कशाला? तर म्हणाले, "पोरा, साहेबाच्या वहीत माझं नाव नाय. कंत्राटदाराच्या हजेरीत आज हाय, उद्या नाय. हितं निदान नंबर तरी हाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख मामांना शिव्या घालण्यासाठी नाही. गरीब माणूस अडाणी, त्याला हिशेब कळत नाही, तो नशिबाच्या मागे लागतो, असले लेख पांढरपेशे लिहितात. त्यांचा स्वतःचा जुगार सकाळी सव्वानऊला उघडतो, दुपारी साडेतीनला बंद होतो, टीव्हीवर दिसतो आणि त्याला गुंतवणूक म्हणतात. मला मामांच्या खिशाबद्दल बोलायचं नाही. तो डबा कोणाचा, डबा कोण फिरवतं आणि फिरवण्याआधी त्यातून किती काढून घेतं, याबद्दल बोलायचंय.

लॉटरीचं यंत्र जगात सगळीकडे सारखंच आहे. सगळ्यांचे पैसे एका डब्यात. त्यातला वाटा आधी चालवणारा उचलतो. विकणाऱ्याला कमिशन. उरलं ते बक्षीस. स्पेनची नाताळची लॉटरी रुपयातले सत्तर पैसे बक्षिसात वाटते. अमेरिकेची पॉवरबॉल आणि इंग्लंडची नॅशनल लॉटरी निम्म्याच्या आसपास. आणि आपल्या मुंबईचा मटका? एका आकड्यावर रुपया लावला तर दहात एक शक्यता, आणि रूढ भाव नऊपट. जोडी लावली तर शंभरात एक, भाव नव्वदपट. म्हणजे रुपयातले नव्वद पैसे खेळणाऱ्यांत परत. च्यायला, ज्याला पोलीस पकडतात तो दहा पैसे खातो, आणि ज्याच्या कागदावर राजमुद्रा असते तो चाळीस-पन्नास पैसे खातो!

मी मटक्याची वकिली करत नाही. मटकाकिंग झालेल्यांनी गिरणी कामगाराच्या पगारावर बंगले बांधले. पण मटक्याचा जन्म कुठला ते तरी बघा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता भाव आणि बंद होणारा भाव तारेवरून मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला यायचा, त्या आकड्यावर लोक पैसे लावायचे. म्हणून आजही ओपन आणि क्लोज. साठच्या सुमारास ते भाव यायचे थांबले, मग १९६२ साली कल्याणजी भगतनं वरळीत आणि १९६४ साली रतन खत्रीनं मडक्यातून चिठ्ठ्या, पत्ते काढून आकडे बनवायला सुरुवात केली. तिकडे कापूस वेचणारा काळा माणूस, इकडे गिरणीत तोच धंदा करणारा आपला माणूस, आणि दोघांच्या घामाच्या भावावर आकडा. महाराष्ट्राच्या लॉटरीला कारण काय सांगितलं? लोकांना मटक्याच्या नादातून सोडवायचं. सोडवलं म्हणजे काय केलं, तर दुसरं दुकान टाकलं, आणि महाग टाकलं.

हीच गोष्ट अमेरिकेत झाली, तंतोतंत. १९२० च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळे लोक 'नंबर्स' खेळायचे. तीन आकडे. ते आकडे कुठून घ्यायचे? बँकांच्या क्लिअरिंग हाऊसच्या रोजच्या बेरजेतून, जी वर्तमानपत्रात छापून यायची. बँक त्यांना दारात उभं करत नव्हती, तर त्यांनी बँकेच्या बेरजेवरच जुगार मांडला. मला हे ऐकून हसू आलं आणि अभिमानही वाटला. त्या पैशावर हार्लेममधल्या काही काळ्या माणसांनी दुकानं काढली, कर्ज दिली. पोलिसांनी झोडपलं, गोऱ्या गुंडांनी धंदा हिसकावला. मग १९७५ साली न्यू जर्सी सरकारनं, १९७७ साली पेनसिल्व्हेनियानं तोच तीन आकड्यांचा खेळ सरकारी केला. हजारात एक शक्यता, आणि भाव पाचशेपट. अर्धे सरकारला. काळ्यांनी चालवला तेव्हा गुन्हा, सरकारनं चालवला तेव्हा महसूल. आणि सरकारी खेळ स्वच्छ असतो म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. २४ एप्रिल १९८० ला पेनसिल्व्हेनियात आकडा आला ६६६. टीव्हीवर सोडत जाहीर करणाऱ्या माणसानंच साथीदारांना घेऊन चेंडूंत रंग भरून ते जड केले होते. चार आणि सहा सोडून. पुढं संगणक आला. मग अनेक राज्यांच्या लॉटऱ्या मिळून चालवणाऱ्या संघटनेचा सुरक्षाप्रमुख एडी टिप्टन यानंच संगणकात आतून खोट घालून ठेवली. २०१७ साली त्याला शिक्षा झाली.

पॉवरबॉलचं पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता आहे २९ कोटी २२ लाख १ हजार ३३८ मध्ये एक. हा आकडा वाचून डोक्यात काही येत नाही, म्हणून मी तो पोत्यात मोजला. पन्नास किलोच्या गोणीत तांदळाचे वीस-पंचवीस लाख दाणे धर. म्हणजे सव्वाशेच्या वर गोण्या. एक ट्रक जवळपास भरतो. त्यातला एक दाणा लाल रंगवायचा, सगळ्या गोण्या धक्क्यावर ओतायच्या, डोळे बांधायचे आणि हात घालून एक दाणा उचलायचा. हमालाला हे पटकन कळतं. बरं, २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत शक्यता साडेसतरा कोटीत एक होती. त्यांनी चेंडू वाढवले. त्याच महिन्यात इंग्लंडनं ४९ चे ५९ चेंडू केले आणि एक कोटी चाळीस लाखांतली एक शक्यता साडेचार कोटींत एक झाली. का? बक्षीस लागलं नाही की साचतं, साचलं की मोठा आकडा होतो, मोठा आकडा झाला की रांग वाढते. न लागण्याचा धंदा आहे हा.

आता जॉर्जियाचं ऐका. जॉर्जिया हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं गुलामांचं राज्य. १८०५ ते १८३३ या काळात तिथल्या सरकारनं लॉटरीत काय वाटलं असेल? जमीन. कुणाची? तिथल्या मूळच्या क्रीक आणि चेरोकी लोकांची. १८३२ साली चेरोकींचा मुलूख मोजून त्याचे १६० एकरांचे तुकडे पाडले, जिथं सोनं होतं तिथं ४० एकरांचे, आणि चिठ्ठ्या डब्यात टाकून गोऱ्यांना वाटले. चेरोकी तेव्हा त्या जमिनीवर राहत होते. त्यांची घरं होती, शेतं होती, त्यांचं छापील वर्तमानपत्र होतं. चिठ्ठी लागलेला गोरा येऊन दारात उभा राहायचा, हे माझं. १८३८ साली लष्करानं त्यांना हाकललं, पायी, शेकडो मैल. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार मेले असा अंदाज आहे. लुटालूट हातानं केली तर हात रक्तानं भरतात. डब्यातून चिठ्ठी काढली की कुणीच दोषी नाही, नशीबच तसं.

त्याच जॉर्जियानं १९९३ साली लॉटरीच्या पैशावर होप नावाची शिष्यवृत्ती काढली. होप म्हणजे आशा. शाळेत बी श्रेणी असेल त्याची कॉलेजची फी माफ. घरची मिळकत किती ते पुढं विचारायचंच बंद केलं. मेरिट! हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. तिथल्या अभ्यासकांनी हिशेब काढला. तिकिटात आपल्या कमाईचा जास्त हिस्सा घालणारे गरीब आणि काळे. शिष्यवृत्ती जास्त घेणारे सुखवस्तू आणि गोरे. म्हणजे झाडूवाल्याच्या डॉलरवर डॉक्टरचा पोरगा शिकतो आणि वर सांगतो की मी स्वतःच्या गुणवत्तेवर आलो. आपल्याकडे सवलत घेणाऱ्या पोराला कॅन्टीनमध्ये टोमणे मारणाऱ्यांना ही गोष्ट कुणीतरी वाचून दाखवा.

आणि लागली तर? आपल्यातल्या एखाद्याला लागलीच तर? तेही एकदा झालंय. साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन बंदर. तिथं डेन्मार्क व्हेसी नावाचा गुलाम होता. १७९९ साली त्याला लॉटरीत पंधराशे डॉलर लागले. सहाशे डॉलर मालकाला मोजून त्यानं स्वतःला विकत घेतलं. मालकाकडून स्वतःचं शरीर. मोकळा झाला, सुतारकाम करू लागला. पण त्याची बायको गुलाम होती, आणि गुलाम बाईची पोरं गुलाम, असा तिथला मनू. तिच्या मालकानं तिला विकायला नकार दिला. एका चिठ्ठीनं एक माणूस सुटला, घर तिथंच राहिलं. सुखानं जगता आलं असतं की त्याला. चार पैसे गाठीला होते, गोऱ्यांत नाव होतं. आपल्यातले किती जण चार पैसे गाठीला आल्यावर वस्तीचा पत्ता बदलतात ते आपण बघतोच. व्हेसीनं तसं केलं नाही. त्यानं गुलामांची फौज बांधायला घेतली, शहरातली हत्यारं ताब्यात घेऊन जहाजातून हैतीला निघायचं ठरवलं. बातमी फुटली. २ जुलै १८२२ ला त्याला फासावर लटकवलं. एकूण पस्तीस जणांना. जगात एवढ्या लोकांना लॉटऱ्या लागल्या. त्यातला मला आपला वाटणारा हा एक.

बाकीचे देश भराभर सांगतो, कारण तमाशा वेगवेगळा असला तरी फड एकच. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीनं १५६७ साली लॉटरी जाहीर केली, कशासाठी, तर बंदरं दुरुस्त करायला. तिकीट घेणाऱ्याला किरकोळ गुन्ह्यात अटक माफ, अशीही लालूच होती. म्हणजे धक्के बांधायचे पैसेही आशेतून वसूल करायचे ही रीत साडेचारशे वर्षांची. इंग्रजांनी तीच कलकत्त्यात आणली. १८१७ साली लॉटरी कमिटीच नेमली आणि शहराचे मोठे रस्ते त्या पैशातून काढले. चीनमध्ये खासगी लॉटरीला बंदी, पण सरकारची कल्याण लॉटरी १९८७ पासून जोरात. क्युबानं क्रांती झाल्याबरोबर १९५९ साली राष्ट्रीय लॉटरीचं रूपांतर बचत आणि घरबांधणीच्या संस्थेत केलं. तिकीट म्हणजे ठेव, घरं बांधायला. ही मला पटलेली गोष्ट. पण तिथंही गल्लीत बोलीता नावाचा आकडा चोरून चालूच राहिला, हेही सांगायला पाहिजे. आपण लपवायचं काय कारण?

स्पेनमध्ये जरा थांबतो. तिथं नाताळच्या लॉटरीची सोडत २२ डिसेंबरला असते. पहिली १८१२ साली काडिझ बंदरात झाली, नेपोलियनशी लढायला पैसे हवे होते म्हणून. सोडतीचे नंबर पोरं गाऊन सांगतात, सान इल्देफोन्सो शाळेची. ही शाळा मुळात अनाथ पोरांची. देशाच्या श्रीमंतीचे आकडे ज्याला मायबाप नाही त्यानं गायचे. कुणी म्हणेल किती गोड. मला आपल्याकडच्या पोतराजाची आठवण होते. पण त्याच स्पेनमध्ये आणखी एक लॉटरी आहे. यादवी युद्ध चालू असताना, १९३८ साली, आंधळ्यांची एक संघटना उभी राहिली, तिचं नाव ओन्से. तिला रोजच्या कुपनाची लॉटरी चालवायचा हक्क मिळाला. विकणारे आंधळे, संघटना आंधळ्यांची, नफ्यातून शाळा, प्रशिक्षण, नोकऱ्या. आज तिच्यामुळं हजारो अपंग माणसं पगारावर आहेत. फ्रँकोच्या राजवटीत जन्मली म्हणून तिला मी डोक्यावर घेणार नाही. फक्त एवढंच विचारतो, आपल्याकडे फुटपाथवर तिकिटं विकत बसलेल्या आंधळ्या, लंगड्या माणसाला त्या धंद्यात काय मिळतं? कमिशन. पावसात भिजलं तर तिकीट त्याचं.

आता आपला कायदा. संविधान सभेत सप्टेंबर १९४९ मध्ये यादीतून 'जुगार' ही नोंदच काढा म्हणून काही सभासद उठले. बाबासाहेबांनी सांगितलं की नोंद काढली म्हणजे जुगार बंद होत नाही, उलट त्याच्यावर ताबाच राहत नाही. नोंद असली तर राज्याला बंदीही घालता येते. बंदी घालायची ती चावी त्यांनी राज्याच्या हातात ठेवली. राज्यांनी तिनं गल्ला उघडला. सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरीचं दुकान टाकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. हे कलम इंग्रजांनी घातलं आणि २०२३ च्या नव्या न्याय संहितेतही ते तसंच उतरवून घेतलंय. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली सांगून टाकलं की सरकारी असली तरी लॉटरी हा जुगारच. म्हणजे गुन्हा कृत्यात नाही, शिक्क्यात आहे. एकाच विहिरीचं पाणी, हात कुणाचा लागला त्यावर बाटतं की नाही ते ठरतं. आपल्याला हा न्याय नवा नाही.

१९९८ च्या लॉटरी कायद्यात लिहिलंय की एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नको. वाचून बरं वाटतं. मग २०१० च्या नियमात लिहिलं की राज्याच्या सगळ्या योजनांच्या मिळून दिवसाला चोवीस सोडती चालतील. कसं काय? सोपं आहे. सोमवारी सकाळी दहाची एक लॉटरी, अकराची दुसरी, नाव वेगळं. नावं बदलत राहायची, माल तोच. नाव बदलून माल तोच ठेवायची कला या देशाला कुणी शिकवली ते मी सांगायला नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर चाळीस टक्के जीएसटी आहे. कॅसिनो, घोड्यांची शर्यत आणि लॉटरी एकाच रांगेत, पापाच्या. त्या रांगेतल्या एका दुकानावर सरकारचीच पाटी. आणि बक्षीस लागलं, दहा हजारांच्या वर गेलं, की तीस टक्के प्राप्तिकर.

बाकीचा मलिदा कुठं जातो? मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं कान पिळल्यावर निवडणूक रोख्यांची यादी बाहेर आली. सगळ्यात जास्त रोखे कुणी घेतले? एखाद्या पोलाद कारखान्यानं नाही, तेल कंपनीनं नाही. फ्युचर गेमिंग या लॉटरीच्या कंपनीनं. तेराशे अडुसष्ट कोटी. मोठे वाटे तृणमूलला आणि द्रमुकला, भाजपच्याही पदरात पडलं. द्रमुक तमिळनाडूचा, ज्या तमिळनाडूनं २००३ साली लॉटरी बंद केली. म्हणजे आपल्या राज्यात विष आणि विषाच्या दुकानदाराची वर्गणी गोड! आमच्या मामांसारख्या लाखो मामांचे तीस-तीस, पन्नास-पन्नास रुपये गोळा होऊन दिल्ली-कलकत्ता-मद्रासच्या तिजोरीत गेले, आणि तिथून पुढच्या निवडणुकीला पाचशेची नोट होऊन वस्तीत आले. एवढा लांब प्रवास तर गोदीतला मालही करत नाही.

कुणी म्हणेल केरळ बघा. बघितलं. १९६७ साली खासगी लॉटऱ्या बंद करून केरळ सरकारनं स्वतःची काढली, पहिली सोडत २६ जानेवारी १९६८, तिकीट एक रुपया, बक्षीस पन्नास हजार. दलालाच्या हातात न देता सरकारी खातं ती चालवतं, सोडत लोकांसमोर होते. २०११ साली कारुण्य नावाची लॉटरी काढली, तिच्या पैशातून गरिबांची किडनीची, हृदयाची, कॅन्सरची बिलं भागवली. महाराष्ट्रापेक्षा हे हजारपट बरं, कबूल. पण बघा तर खरं, गरिबाच्या किडनीचा खर्च भागवायचा गरिबाच्या तिकिटातून. ज्याच्या दोन्ही किडन्या शाबूत आणि चार गाड्या आहेत तो यात कुठं आहे? कर असा उघड्या नावानं लावला असता तर लोक रस्त्यावर आले असते. आशेच्या नावानं लावला की लोक रांगेत उभे राहतात, सुट्टे घेऊन.

"सक्ती कुठं आहे? ज्याला घ्यायचं तो घेईल." हे वाक्य मला तोंडपाठ झालंय. गावात आपण मेलेलं ढोर ओढायचो तेव्हाही कागदावर सक्ती नव्हती.

तरी तिकिटाची लॉटरी एकवेळ सोडून देऊ. नाही घेतलं तिकीट तर पन्नास रुपये वाचतील. पण आता हक्काचीही सोडत काढतात, तिथं काय करायचं? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगार संपावर गेला, अडीच लाख. गिरण्या गेल्या, जमिनीवर टॉवर उभे राहिले. कामगाराला घर मिळणार म्हणून तीस वर्षांनी, २०१२ साली, सोडत काढली, घरं सहा हजार नऊशेच्या आसपास. अर्ज दीड लाखाच्या घरात. ज्या जमिनीत त्याची फुप्फुसं पुरली तिथं घर मिळायला नशीब लागतं. टॉवरवाल्याला लागलं नाही. त्याच्यासाठी कुणी डबा फिरवला नाही. त्याची फाईल सरळ गेली.

शिक्षण हक्काच्या कायद्यात खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा आपल्या पोरांना. जागा कमी, अर्ज जास्त, म्हणून संगणकाची सोडत. माझ्या बहिणीच्या पोराचं नाव प्रतीक्षा यादीत आलं. ती रोज मोबाईल उघडून बघायची, मामा तिकिटाचा निकाल बघतात तशीच. सहा वर्षांच्या पोराला मी काय सांगू, की तुझा नंबर लागला नाही? त्याला वाटलं त्यानंच काहीतरी चुकीचं लिहिलं. कायद्याचं नाव 'हक्क', आणि मिळण्याची रीत 'लकी ड्रॉ'. तेवढ्या जागाही डोळ्यांत खुपल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला की जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा ठेवायला नकोत. जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो नियम मोडीत काढला. डबा आधीच लहान, तोही उचलून न्यायला निघाले होते.

जे कमी आहे ते वाटायला चिठ्ठी टाकावी, त्यात वशिला चालत नाही, हे मला मान्य आहे. पण कमी कुणी केलं? शाळा कमी कुणी बांधल्या? चिठ्ठी टाकली की हा प्रश्नच कुणी विचारत नाही. ज्याला लागलं तो पेढे वाटतो, ज्याला नाही लागलं तो कपाळाला हात लावतो. बघा, हात बरोबर तिथंच जातो, जिथं सटवाईनं लिहिलं होतं.

आमच्या चाळीत बायकांची भिशी आहे. बारा जणी, महिन्याला हजार रुपये, डब्यात बारा चिठ्ठ्या. तिथंही सोडतच असते. पण निघालेली चिठ्ठी परत डब्यात जात नाही. डब्यातून कुणी आधी काढून घेत नाही. वर्षात बाराही जणींना बारा हजार मिळतात, फक्त कुणाला आषाढात, कुणाला माघात. जिच्या घरी बाळंतपण किंवा आजारपण असेल तिला पहिली पाळी देतात, चिठ्ठी न काढता. हा नियम कुठल्याही कायद्यात नाही. चौथी शिकलेल्या बायकांनी तो केलाय. आमच्या टोळीनं गेल्या महिन्यापासून हेच धरलंय. मामा पहिल्यांदा आले नाहीत, दुसऱ्या वेळी आले, आणि तिकीटही घेतलंच. घेऊ देत.

आता काम. प्रत्येक शाखेनं आपापल्या वस्तीत फिरून दोन आकडे काढायचे: लॉटरीचे स्टॉल किती आणि अभ्यासिका किती. शिक्षण हक्काच्या सोडतीत आपल्या वस्तीतली किती पोरं अर्जात होती आणि किती लागली, तेही आयांना विचारून लिहून घ्यायचं, पोराचं नाव न घालता. कागद पुढल्या अंकाच्या आधी या पत्त्यावर पाठवा. छापू. आणि पुढच्या सोडतीच्या दिवशी शिक्षण अधिकाऱ्याच्या दारात, ज्यांचा नंबर लागला नाही ती सगळी पोरं दप्तरासकट घेऊन जायचं. बिस्किटं आणि पाणी बरोबर ठेवा, वेळ लागेल.